पाच पेपरांतलं एकच वाक्य

बायकोला माझ्या बहुतेक लबाड्या ठाऊक आहेत. काही तिने पकडल्या, काही मीच हसत हसत सांगून टाकल्या. ही मात्र तिलाही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्यासमोर उद्या सकाळी मला दुकान उघडायचं नाही — एवढंच कारण असेल. याहून मोठं काही शोधत बसू नका.

मी आर्वीचा. आमचं शेतीच्या पाईपांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ते सांभाळून मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. तालुका प्रतिनिधी म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस सगळीकडे जातो. कसला जातो! गावात पाच पेपर, पाचांचे आम्ही पाच जण, आणि प्रत्येकाचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच. म्हणून आमची एक पद्धत पडून गेली होती. कार्यक्रमाला एकाने जायचं, बातमी लिहून ग्रुपवर टाकायची. बाकीच्या चौघांनी वरची ओळ इकडची तिकडे करायची आणि आपापल्या पेपरला पाठवून द्यायची. सत्काराची बातमी असो की अपघाताची, पाचही पेपरांत मजकूर तोच. गावाला हे माहीत नव्हतं. गावाला वाटायचं, पाच जणांनी पाहिलं.

ही पद्धत मी आधी सांगितली, कारण माझा गुन्हा तिच्या आडोशाला राहिला. पण गुन्हा पद्धतीचा नव्हे. तो माझाच.

झाडे सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. मी दोन वर्षं त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर होतो. निवृत्तीनंतर एका उमेदवाराने त्यांना प्रचाराचा सल्लागार म्हणून घेतलं. म्हणजे जाहीरनामा सरांनी लिहायचा, आणि सभेत कापसाचे-सोयाबीनचे भाव का पडले हे लोकांना समजेल असं सांगायचं. सरांना राजकारणातलं शून्य कळत होतं. पण शिकवायला मिळतंय म्हटल्यावर ते कुठेही गेले असते. त्या महिन्यात ते दहा वर्षांनी लहान दिसायला लागले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाजार समितीच्या यार्डाच्या हॉलमध्ये शेतकरी आणि व्यापाऱ्यांचा मेळावा होता. आमच्यातला मी गेलो. फोनवर रेकॉर्डिंग लावून तो व्यासपीठाच्या कडेला ठेवला आणि खुर्चीत बसलो. सर बोलायला उभे राहिले. थोड्या वेळाने हात उंचावून म्हणाले, "मंदी बाजारात नाई, मंदी तुमच्या डोक्यात आहे. तुमाले रडाची सवय लागली आहे." हॉल एकदम गप्प झाला. तेवढ्यात मागच्या बाजूने वांग्याच्या भाजीचा वास आला. रांग वाढायच्या आत ताट घ्यावं म्हणून मी उठलो.

हो. जेवायला उठलो.

जेवून परत आलो तर भाषण संपलं होतं. फोन उचलला, दुकानात आलो, बातमी लिहिली. 'मंदी बाजारात नाही, तुमच्या डोक्यात आहे. रडायची सवय सोडा — उमेदवाराच्या सल्लागाराचा शेतकऱ्यांना टोला.' त्यातलं 'सोडा' माझं, 'टोला'ही माझाच. रेकॉर्डिंग ऐकलं का? नाही. कशाला ऐकू? वाक्य झकास होतं. आम्हा तालुक्यातल्यांची बातमी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली कुठेतरी लागते. ही पहिल्या पानावर जाईल, असं वाटलं. आणि गेली. पाचही पेपरांत गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत ते वाक्य जिल्हाभर झालं. आर्वीपासून देवळी-वर्ध्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर सरांचा फोटो आणि खाली तो मजकूर. विरोधकांना आयतं सापडलं. काही लोकांनी सरांच्या फाटकासमोर भिजलेल्या सोयाबीनची पोती आणून ओतली आणि घोषणा दिल्या. उमेदवाराने दुपारी सांगून टाकलं की ते त्या गृहस्थांचं वैयक्तिक मत आहे, त्यांचा आमच्या प्रचाराशी आता संबंध नाही. 'त्या गृहस्थांचं'! महिनाभर ज्यांच्या घरी चहा प्यायला, त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. सर मात्र येईल त्याला एकच सांगत होते की मी असं म्हटलं नाही. त्यावर लोकांचं उत्तर ठरलेलं होतं: पाच-पाच पेपर खोटं लिहितात काय? हॉलमध्ये बसलेल्यांनाही छापलेलं वाचून तेवढंच वाक्य आठवायला लागलं होतं.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावलं.

सरांचा आवाज स्वच्छ होता. ते वाक्य आलं. मग शांतता — त्यात माझी खुर्ची सरकल्याचाही आवाज आहे. आणि मग सर म्हणाले, "असं मुंबईत एसीत बसून सांगतेत काई शहाणे. त्याइले म्हणा, एक दिवस आमच्या यार्डात या, मालाच्या ढिगापाशी दिवसभर उभे राहा, अन् मंग सांगा मंदी कोणाच्या डोक्यात आहे ते." मग टाळ्या. बराच वेळ टाळ्या.

सरांची ही शिकवायची रीतच होती. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याच तोंडून, अगदी ठासून मांडायचं, वर्गाला ते पटू द्यायचं आणि मग त्याच्या चिंध्या करायच्या. वर्गात नवी पोरं दर वर्षी फसायची. मी दोन वर्षं ते पाहिलेलं. मग हॉलमध्ये उठताना मला माहीत नव्हतं का, पुढे काहीतरी येणार आहे? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. माहीत होतं. लिहिताना ते मी बाजूला ठेवलं, इतकंच.

आता पुढचं. फोन माझ्या हातात होता. ते एक मिनिट ग्रुपवर टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. माझं नाक कापलं गेलं असतं, पेपरने मला काढलं असतं, बाकीच्या चौघांनाही कबूल करावं लागलं असतं की आपण तिथे नव्हतोच. ते तसंही काही बोलले नाहीत, त्यांनाही आपली अब्रू होती. पण त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं. मला होतं. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला अडीच इंची पाईप दाखवला.

तिसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मी खुर्ची दिली. बसले नाहीत.

"तू होता नं रे तिथं?" ते म्हणाले. "तूच सांग मले. म्या तसं म्हटलं का?"

"मी तं जेवाले गेलतो सर," मी म्हणालो. "बाकीच्याइनं ऐकलं असन."

"तुह्या मोबाईलात नसन का?"

"नाई सर. रेकॉर्डिंगच नाई केलं."

वाईट काय, सांगू? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लगेच ठेवला. पाईपांच्या वेटोळ्यांकडे बघत म्हणाले, "मले तं चांगलं आठवते, म्या पुढचंबी बोललो. पण पाच जण खोटं काऊन लिहितीन बापा? राहून गेलं असन पुढचं. मनात होतं, तोंडातून निघालंच नसन." हे ते मला समजावत होते. मी मान डोलावली. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि हे लिहिताना त्याचीच लाज अधिक वाटते.

दोन दिवसांनी सर माफीनामा घेऊन आले. स्वतःच्या अक्षरात, एक पान. 'माझ्या बोलण्याने शेतकरी बांधवांचं मन दुखावलं, मी सर्वांची हात जोडून क्षमा मागतो.' म्हणाले, पाचही जणांना तूच पाठवून दे, तुझी सगळ्यांशी ओळख आहे. मी ते टाईप केलं. ग्रुपवर टाकलं. पाचही पेपरांत सारखंच आलं — या वेळी तरी शब्दाला शब्द बरोबर.

त्यानंतर दोन निवडणुका झाल्या. लोक ते वाक्य विसरले, उमेदवारही पक्ष बदलून मोकळा झाला. पेपरचं काम मी कधीच सोडलं. दुकान वाढलं म्हणून सोडलं, पश्चात्ताप म्हणून नव्हे. सरांना कॉलेजने एकदा व्याख्यानाला बोलावलं होतं, ते गेले नाहीत. लग्नामुंजींतही ते आता कोपऱ्यातली खुर्ची पाहून बसतात, विचारलं तर तेवढंच बोलतात.

मागच्या उन्हाळ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बागेसाठी पाईप घ्यायला आल्या. मी सहज सरांची तब्येत विचारली. त्या म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, पण रोज संध्याकाळी मला समोर बसवतात आणि विचारतात, आज मी काही भलतंसलतं बोललो का? कुणाशी काय बोललो ते पहिल्यापासून सांगून दाखवतात, आणि बरोबर आहे का म्हणून विचारतात. शेवटी मुलाने नागपूरला नेऊन डोक्याच्या सगळ्या तपासण्या करून आणल्या. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, या वयात इतकी चांगली आठवण फार थोड्यांची असते. काकूंना वाटलं, आता तरी सुटतील. तर सर तिथेच डॉक्टरांना म्हणाले, "मंग साहेब, ते एक वाक्य मले तेवढं पेपराहून वेगळं काऊन आठवते?"

काकू हे सांगून हसल्या. मीही हसलो. पाईप कापला, गुंडाळला, बाहेर ऑटोत नेऊन ठेवला.

सर आहेत अजून. दुकानापासून त्यांचं घर पायी दहा मिनिटांवर आहे. हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगितलेलं नाही.