शेतीची लाईट आणि मास्तरांचं वायफाय

मोबाईलच्या कोपऱ्यातल्या त्या चार काड्या कमी-जास्त होताना दिसल्या, की नगरच्या कर्जत तालुक्यातलं ते प्रकरण मला आजही आठवतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, खाकी कपाटात गेली. घरात नातवंडं रेंजवरून भांडतात आणि मी मनाने मिरजगाव बाजूच्या एका बांधावर जाऊन उभा राहतो. चांगले दिवस होते ते. तेव्हा तसं वाटत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी, बंदोबस्ताचं वाटप, स्टेशन डायरीवर सही, आणि मग दिवसभर भांडणं. आमच्याकडे निम्म्या तक्रारी बांधावरून आणि उरलेल्या पाण्यावरून. त्यामुळे एक शेतकरी बाप मोबाईल पुढे धरून मटकन खाली बसला, तेव्हा ठाणे अंमलदाराला काय लिहून घ्यावं तेच कळेना.

त्याच्या मुलीला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आणि कुणीतरी खोट्या खात्यावरून तिचे फोटो जोडतोड करून घाणेरड्या मजकुरासह बापाला पाठवत होतं. पोरगी नगरला गेली तर हेच फोटो गावभर करू, अशी धमकी. बाप म्हणाला, "साहेब, आता कशाचं नगर आन् कशाचं शिक्षान! पोरगी घरातच बसंल. पन ज्यानं ह्ये केलं त्याला सोडू नका." बोलता बोलता तो माणूस रडायला लागला. पुरुष माणूस ठाण्यात रडतो तेव्हा बघणाऱ्यांनी इकडेतिकडे बघावं, हा आमचा अलिखित नियम. मलाही तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचावं लागलं.

त्याला मोटारसायकलवर घेऊन आला होता मुलीचा आतेभाऊ. आत्या गावातच दिलेली, त्यामुळे हा घरातलाच. पाण्याचा ग्लास आणून देणं, मामाला धीर देणं, सगळी धावपळ त्याचीच. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, माजं नाव कुटं येऊ देऊ नका. पन आमच्या गावातल्या मास्तरच्या वट्यावर ती रोज बसायची. बगा तुमी."

खबर देणाऱ्याचं तोंड मी नेहमी नीट बघतो. पण तपास तोंडावर चालत नाही. इंटरनेट कंपनीला पत्र गेलं आणि उत्तर आलं. सगळे मेसेज एकाच कनेक्शनवरून गेलेले, आणि ते कनेक्शन मास्तरांच्याच घरचं.

मास्तर ख्रिस्ती वस्तीतले. आजोबांपासून घरात शिक्षकी. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. गावातल्या दोन पिढ्यांच्या हातात पाटी देणारा हा माणूस, पण पत्त्याची बातमी फुटली आणि त्याच गावाने उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यात वस्ती वेगळी, म्हणजे बोलायला आणखी एक विषय. लोकांनी पोरांना त्यांच्या शिकवणीला पाठवायचं बंद केलं. ठाण्यासमोर माणसं जमायला लागली. "अटक कधी करताय?" हा एकच प्रश्न. आता अटक झाली की निलंबन ठरलेलं. पुढे कोर्टात निर्दोष सुटले असते तरी उभ्या जन्माची अब्रू काही कोर्ट परत देत नाही. म्हणजे त्या माणसाचं सगळं आयुष्य माझ्या एका सहीवर लटकलेलं.

मी मास्तरांना चौकशीला बोलावलं. स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून आले, शाळेच्या तपासणीला यावं तसे.

"मास्तर, पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"गावाला."

"गावाला म्हणजे?"

"ओट्याच्या भिंतीवर गेरूने लिहिलाय, साहेब. कोरोनात शाळा बंद झाल्या. पोरं रेंजसाठी टेकडीवर जायची, एक पोरगं घसरून पडलं. मग मी घरी कनेक्शन घेतलं, गच्चीवर खांब लावून वर वायफायचा डबा बसवला. म्हटलं, या, ओट्यावर बसा आणि शिका. ही मुलगीसुद्धा तिथंच अभ्यास करायची."

मी कपाळाला हात लावला. "अहो, घराची किल्ली कुणी भिंतीवर टांगून ठेवतं का?"

"पाण्याचा माठ ठेवतातच की."

"बरं, संशय कुणावर?"

"सगळी माझीच पोरं. अमुक एकाचं नाव घेतलं आणि ते खोटं निघालं तर?" नाव घ्यायला तयारच होईनात. मला राग आला. स्वतःच्या गळ्याशी आलंय आणि हा माणूस दुसऱ्याची काळजी करतोय! पण खरं सांगतो, गुन्हेगार माणूस इतका वेळ गप्प राहत नाही. तो विचारायच्या आधी चार नावं देतो.

नगरहून सायबर शाखेच्या एक महिला उपनिरीक्षक आल्या. वयाने लहान, जिभेने तिखट. त्यांनी मुलीशी एकटीने बोलून घेतलं. मुलगी एवढंच म्हणाली, "सर आसं करनार न्हाईत. मला मारून टाका, पन मी तसं लिहून देनार न्हाई." मग बाईंनी मास्तरांचा फोन तपासला, लॅपटॉप तपासला, गच्चीवरच्या डब्याची माहिती काढली आणि मला म्हणाल्या, "सर, यांच्या वायफायला एक अनोळखी यंत्र अधूनमधून जोडलं जातंय. लांबून सिग्नल ओढून पुढे देणारा डबा असावा."

"तो शोधायचा कसा?"

"गाडीला चॅसी नंबर असतो ना, तसा प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो. ते चालू असेल तर हवेत तो सारखा सांगत राहतं. आपण हे घेऊन चालायचं." त्यांच्या हातात टॅबलेट होतं, त्याला आखूड काठीसारखा अँटेना. कुठे सिग्नल किती जोराचा, ते यंत्र मोजणार; आपण नेमके कुठे उभे आहोत, ते उपग्रहावरून घेणार; आणि नकाशावर ठिपका टाकणार. जोर जास्त तर ठिपका लाल, कमी तर निळा.

"म्हणजे लाल ठिपक्यावर धाड?"

"एवढं सोपं असतं तर मी नगरलाच बसले असते, सर. एका जागेवरून फक्त जवळ की लांब ते कळतं, दिशा कळत नाही. मध्ये भिंत आली, पत्रा आला, उभा ऊस आला की जोर कमी होतो. चहूबाजूंनी फिरून ठिपके जमवायचे."

फिरलो. भर दुपारी अख्ख्या गावठाणाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मागे कुत्री, पुढे बाई, मध्ये घामाघूम झालेला मी. चावडीवरचे म्हातारे विचारायचे, "काय वो साहेब, पानी बगताय का?" नारळ हातावर धरून पाणी बघणाऱ्यासारखेच आम्ही दिसत असणार. आतेभाऊही दोन चौकांपर्यंत सोबत आला, मोठ्या उत्साहाने. नकाशावर एकही ठिपका उमटला नाही. त्याच संध्याकाळी वरून फोन आला, की उगीच चालढकल करू नका, मास्तरांना ताब्यात घ्या. मी जेमतेम चार दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात डोकं धरून बसलो होतो. राहुरीकडे आमची शेती आहे, ती धाकटा भाऊ बघतो. त्याचा फोन आला. आईच्या गुडघ्याचं काहीतरी सांगत होता आणि मध्येच म्हणाला, "दादा, लाईट आली, ठिवतो." खटकन फोन बंद! आईचा गुडघा तसाच राहिला. मी चिडून फोन टेबलावर आपटला, आणि आपटता आपटताच डोक्यात उजेड पडला.

ज्याचं शेत आहे त्याला हे सांगावं लागत नाही. गावठाणाची लाईट वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीच्या लाईटला पाळी असते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मेसेजच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या. एका आठवड्यात सगळे भरदुपारी आलेले, पुढच्या आठवड्यात सगळे मध्यरात्रीनंतर. आम्हाला वाटायचं, माणूस चक्रम असेल. त्या गावच्या वायरमनला फोन लावला. "बाबा, तुमच्याकडे शेतीला लाईट कधी होती ते सांग." त्याने पाळ्या सांगितल्या. मेसेज आणि पाळ्या तंतोतंत जुळल्या. म्हणजे तो डबा गावात नव्हताच. शिवारात होता, शेतीच्या लाईनवर. आम्ही यंत्र घेऊन फिरलो तेव्हा रात्रीची पाळी चालू होती, दिवसा तो डबा मेलेला. सापडणार कुठून?

पाळी बदलली त्याच सकाळी दोन पंच बरोबर घेऊन आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलो. टॅबलेटवर काही नाही. बाई घड्याळाकडे बघतायत, मी विजेच्या तारांकडे. एकदम शिवारातल्या मोटारी घुरघुरल्या. लाईट आली, आणि टॅबलेटवर पहिला ठिपका पडला. निळा, पण पडला! मी त्या वयात चक्क टाळी वाजवली. उसाच्या कडेने फिरलो, ओढा ओलांडला, दुसऱ्या अंगाने परत आलो. निळ्याचे पिवळे, पिवळ्याचे लाल झाले. सगळे लाल ठिपके एका विहिरीवरच्या खोलीभोवती गोळा झाले. खोलीच्या पत्र्यावर टीव्हीची जुनी डिश होती. तिचं तोंड आभाळाकडे नव्हतं. ते सरळ मास्तरांच्या गच्चीकडे होतं.

"खोली कुणाची?" मी पंचांना विचारलं. एकाने दबक्या आवाजात सांगितलं. आतेभावाची होती.

त्याला तिथेच बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. शेतकऱ्याला शेताचंच विचारावं.

"काय रे, मागच्या आठवड्यात रात्री इथं असायचास?"

"व्हय साहेब. पानी द्यायला."

"कशाला पाणी? रान तर मोकळं पडलंय."

"न्हाई... म्हंजी... हिरीत मोटार..."

"मोटार कुठाय?"

मोटार जळाली होती, नवी वायर भरायला कर्जतला दिलेली. विहिरीवर नुसता पाईप लोंबत होता. "मोटार नाही, मग त्या स्टार्टरच्या पेटीच्या फटीतून हिरवा दिवा कशाचा लुकलुकतोय?"  तो खालीच बसला. पंचांसमक्ष पेटी उघडली, आतला डबा आणि डिश मुद्देमाल म्हणून जप्त केली, सील लावलं.

मग सगळं बाहेर आलं. मामाची पोरगी आपलीच, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. ती नगरला जाणार, आणि ही वाट दाखवली मास्तरांनी. "मास्तरनं तिला फूस लावली. ती गेली आसती तर माघारी आली आसती का, साहेब?" हे विचारताना तोही रडत होता. पण मास्तरांना फाडून खायला निघालेल्या लोकांत सगळ्यात मोठा आवाज याचाच होता. चोराच्या उलट्या बोंबा! स्वतःच्या घरात डबा ठेवला नाही एवढं शहाणपण त्याने दाखवलं, आणि सवयीने तो मोटारीच्या लाईनला जोडून बसला.

बापाला मी मास्तरांच्या ओट्यावरच सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून ओट्यावर ठेवली. मग उठून मास्तरांचे पाय धरायला वाकला. मास्तरांनी त्याला वरच्या वर धरलं. "माझं राहू द्या. पोरीला नगरला कधी पाठवताय ते सांगा." बापाबरोबर आलेली मुलगी दाराआड उभी होती, ती हुंदके देऊ लागली. बाप म्हणाला, "उद्याच, सर. मीच सोडून येतो."

निघताना मी मास्तरांना दम दिला, "ती भिंत आजच पुसा आणि पासवर्ड बदला." ते नुसते हसले.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. यंत्राने डबा शोधला हे खरंच, त्या बाई नसत्या तर मी अजून गल्ल्या हिंडत असतो. पण यंत्र कधी घेऊन उभं राहायचं, ते माणसं कशी जगतात यावरून कळलं. राहुरीचा भाऊ मात्र अजून म्हणतो, केस मीच सोडवली.

मागच्या वर्षी सोलापूरकडे लग्नाला निघालो होतो. मिरजगाव आलं तशी गाडी आत वळवली. मास्तरांच्या दारात उतरलो, आणि खिशातला मोबाईल टुणकन वाजला. बघतो तर चारही काड्या भरलेल्या. तपासाच्या वेळी एकदा जोडलं होतं, ते वायफाय त्याने आपोआप पकडलं होतं. ओट्यावर पोरंपोरी बसलेली. मागे भिंतीवर गेरूची तीच ओळ, नव्याने गिरवलेली.

"मास्तर! बदला म्हटलं होतं ना मी?"

मास्तर आता काठी टेकत चालतात. त्यांनी पोरांना सरकायला सांगून मला जागा केली. "बदलणारच होतो, साहेब. ओलं फडकंसुद्धा घेतलं होतं हातात. मग वाटलं, एकाने चोरी केली म्हणून या सगळ्यांना चोर कशाला ठरवू?"

मी पोरांच्या रांगेत बसलो, चहा येईपर्यंत.