वैजयंताने झाकलेला डबा

वाल्मिक साळवेला मशीनमध्ये खोट काढायची खोड होती, आणि पोटही त्याच खोडीवर चालायचं. जालन्याहून भाईंदरला आला, जेसल पार्कात जिन्याखाली दुकान थाटलं, सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवू लागला. जवळच्या मोरवा गावातल्या एका पतपेढीतली सगळी मशीनं त्याच्याच हातची. आज पंखा अडला, उद्या पॉवर सप्लाय उडाला, फोन आला की हा निघालाच. बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच लॅपटॉपच्या मागे लागली होती. घर तगून होतं ते ह्या पतपेढीच्या दुरुस्त्यांवर.

दोन हजार नऊ साली पतपेढीचे मॅनेजर, राई गावचे दशरथ पाटील, पुस्तकाएवढा एक कॉम्प्युटर घेऊन दुकानात आले. आत पंखा नाही, घरघर नाही, वीज म्हणाल तर बल्बाएवढी.

"हापिसचं काम करतंय, टीव्हीला लावला तं पिच्चर बी दावतंय," ते म्हणाले. "घरी लावून बघ. तू पास केलास तं समदी मशीनं बदलू. नापास म्हनलास तं न्हाय."

घ्या! कुऱ्हाड आपल्याच पायावर मारायची, वर धारही आपणच लावून द्यायची!

वाल्मिकने डबा घरच्या टीव्हीला जोडला. दिवसा त्याच्यावर हिशेबाचे तक्ते चालवले, संध्याकाळी सिनेमे लावले. डबा कशालाच अडेना. "मेल्या, एकदा तरी बंद पड," तो दात खाऊन पुटपुटायचा. पाटलांची अट ठाऊक नसलेली बायको वैजयंता मात्र खूश. "किती गुणाचं आहे हो!"

आणि एका संध्याकाळी सिनेमा ऐन रंगात आला असताना डबा बंद! पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. वाल्मिकला लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता. त्याने लगेच दशरथना फोन लावला. "मशीन मध्येच बंद पडतंय, साहेब."

"इकडंच हाय मी. येतो बघाया," ते म्हणाले.

पाहुणे येणार म्हणून वैजयंता आवराआवर करायला लागली. डब्यावरचा क्रोशाचा रुमाल तिने उचलला आणि चटका बसून हात मागे घेतला. त्या घरात नवी वस्तू कधी उघडी राहिलीच नाही. मिक्सर, फोन, टीव्ही, सगळ्यांना तिच्या हातचे रुमाल. दुपारी तिने डब्यालाही घातला होता. गरम हवा निघायची भोकं नेमकी वरच. नजरेला रुमालांची इतकी सवय, की वाल्मिकला तो दिसलाच नव्हता.

"अगं बाई, लोकांची वस्तू जाळली मी!" ती रडायलाच लागली.

"काही जळलं नाही गं. निवलं की चालेल," तो बोलून गेला. खरंच, थोड्या वेळाने डबा मुकाट्याने चालू झाला. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "पण पाटलांना काही सांगू नकोस."

तेवढ्यात दशरथ दारात. वाल्मिक तोंड उघडतो न उघडतो, तोच वैजयंताने हात जोडले. "भाऊ, चूक माझी. मीच झाकून ठेवलं होतं. मशीन चांगलं आहे, ह्यांना बोल लावू नका."

दशरथ खो खो हसले. "येवढा तापून बी जित्ता हाय? मंग तं पासच की रं! आता जुनी मशीनं खोलून भंगारात द्याया तूच ये, वाल्मिक. तुझीच तं हायेत."

"येतो," वाल्मिक म्हणाला. दुसरं काय म्हणणार बिचारा?

ते गेल्यावर वैजयंताने डोळे पुसले, सुटकेचा श्वास टाकला. "बघा, खरं सांगितलं तर काही वाकडं झालं का?"

तिचा उजळलेला चेहरा त्याला बघवेना.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही झालं."