गिऱ्हाइकाचा आवाज

माझ्या बायकोच्या थोरल्या मावशी अनोळखी माणसाशी फोनवर जितक्या आपुलकीनं बोलतात, तितक्या आपुलकीनं निम्मी मुंबई आपल्या सख्ख्या भावाशीही बोलत नसेल. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉलच्या बोर्डासमोर गेली. बोर्ड गेला, ट्रंक कॉल गेले, मावशी निवृत्त झाल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली; पण फोन वाजला की आजही त्या आधी पदर सारखा करतात, पाठ ताठ करतात आणि मग म्हणतात, "बोला, ठाकूरद्वार." स्वतःचं नाव सांगत नाहीत. समोरच्याचं मात्र स्पेलिंगसकट विचारून घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं टिपून ठेवतात. कर्ज हवंय का विचारायला फोन करणाऱ्या एका मुलीला त्यांनी "पाटील, पी फॉर पूना ना?" इथपासून सुरुवात करून तिच्या गावची शाळा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि न जुळणारं लग्न इथपर्यंत आणलं होतं. कर्जाचा विषय त्या मुलीनंच शेवटी सोडून दिला. आणि एकदा ऐकलेला आवाज मावशी विसरत नाहीत. आमच्या लग्नानंतर तीन वर्षांनी माझ्या एका मित्रानं काही कामासाठी त्यांना फोन केला. त्यानं नुसतं "नमस्कार" म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "तुम्ही मंगलाष्टकं म्हटली होतीत ना? घसा बसला होता तुमचा. आता बरा वाटतोय."

तर अशा मावशींवर जुनं फर्निचर विकायची वेळ आली. त्यांची ठाकूरद्वारची इमारत पाडून तिथे नवी बांधायचं ठरलं. नवी उभी राहीपर्यंत करी रोडला एका टॉवरमध्ये भाड्याची जागा मिळाली होती, पण तिथे पलंग, कपाटं, सगळं भिंतीत बसवलेलं. काका जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांत चाळीस वर्षांचा संसार आणि तो हलवायला दोन महिने. मी दादरला राहतो, त्यात बँकेतला माणूस, म्हणजे मोबाइलमधलं मला सगळं कळतं अशी घरात समजूत. त्यामुळे फोटो काढून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर टाकायचं काम माझ्याकडे आलं.

कपाटाचा फोटो टाकून मी खाली लिहिलं, 'शिसवी कपाट, उत्तम स्थितीत.' मावशींनी ते चष्मा लावून वाचलं आणि मला खोडायला लावलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो: 'डावं दार कुरकुरतं. पावसाळ्यात खालचा खण उघडत नाही. आरसा चांगला आहे, पण माणूस आहे त्यापेक्षा थोडा जाड दिसतो.'

"मावशी, असं लिहिलं तर घेणार कोण?"

"ज्याला हवंय तो घेईल. आणि घेतल्यावर फोन करून भांडणार नाही."

फोन मात्र पहिल्या दिवसापासून यायला लागले, कारण संपर्कासाठी नंबर मावशींचा होता. पहिला बोलला तो आपण सैन्यात मोठे अधिकारी आहोत असं सांगणारा. त्याला कपाट न बघताच पसंत होतं, घासाघीस करायची नव्हती, उद्याच माणसं पाठवून उचलणार होता. "मॅडम, मैं एक कोड भेज रहा हूँ. आप बस स्कॅन कर दीजिए, पैसा आपके खाते में आ जाएगा." मावशींना एक्स्चेंजमधलीच हिंदी येते. त्या म्हणाल्या, "कृपया लाइन पर बने रहिए," आणि आत जाऊन कुकर बंद करून आल्या. मग शांतपणे विचारलं, की पैसे मला मिळायचे आहेत तर कोड मी कशाला स्कॅन करू? भाजीवाल्याची कोडाची पाटी त्याच्या गाडीवर असते, गिऱ्हाइकाच्या पिशवीवर नसते. त्यानं फोन ठेवला. आता आपण असतो तर शिवी देऊन मोकळे झालो असतो. मावशींनी त्याला उलट फोन लावला: "आपका कॉल कट गया था." असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा फोन लागेना. "मला ब्लॉक केलं हो त्यानं," मावशींनी मला सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात खरोखरीचं दुखावलेपण होतं.

मग एक जोडपं आलं. लग्न ठरलंय, संसार नवा मांडायचाय, बजेट कमी. मुलानं गुडघ्यावर बसून कपाटाच्या तळाशी हात घातला आणि चिमूटभर भुकटी तळहातावर घेऊन दाखवली. "आजी, वाळवी आहे. अर्ध्या किमतीत देणार असाल तर बघू." मावशींनी चष्मा लावला, त्याचा तळहात उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "हा पिवळा आहे. प्लायवूडचा भुसा. आमचं कपाट शिसवाचं, त्याचा काळसर पडतो. खिशात आणखी असेल तर सांभाळून ठेवा, पुढच्या घरी लागेल." मुलगा उठला तो थेट दाराकडे निघाला. मुलीला मात्र मावशींनी थांबवलं, कारण ती तीन जिने चढून दमलेली दिसत होती, आणि पाणी प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कपाट पुढं गिरगावातल्याच एका शिक्षिकेनं नेलं. आरशाबद्दलचं वाक्य वाचून हसू आलं म्हणून फोन केला, असं ती म्हणाली.

राहिला होता एक सोफा आणि ते घडीचं टेबल. टेबल काकांनी वाडीतल्या सुताराकडून करून घेतलं होतं. मिटलं की भिंतीला चिकटून बसायचं, उघडलं की खोलीत माणसाला आडवं होऊन चालावं लागायचं. दोनच माणसांच्या घरात एवढं टेबल कशाला, असं सगळ्यांनी तेव्हा विचारलं होतं. पण परीक्षा जवळ आल्या की मजल्यावरची सगळी मुलं त्याच्याभोवती अभ्यासाला बसायची. जागेवरून भांडणं व्हायला लागली तेव्हा काकांनी टेबलाच्या खालच्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं नावं लिहून टाकली, कोण कुठे बसणार ते कायमचं ठरलं. मी दिलेल्या जाहिरातीत मावशींनी 'शाईचा डाग आहे, जाणार नाही. सागवान नाही' एवढंच लिहायला लावलं. नावांचं सांगितलं नाही. तो दोषही नाही आणि गुणही नाही, असं त्यांचं म्हणणं.

या टेबलासाठी एका माणसाचा फोन आला. परळला राहतो म्हणाला, मराठी, बोलायला सभ्य. "मुलीची दहावी आहे मावशी. घरात अभ्यासाला जागा नाही. जमिनीवर बसून पाठ दुखते तिची." मावशींनी त्याला किंमत आपण होऊन कमी केली. ती का केली हे मला सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि मीही विचारलं नाही.

तो टेम्पो घेऊन आला त्या शनिवारी मावशी करी रोडच्या जागेचं माप घ्यायला गेल्या होत्या आणि ठाकूरद्वारला मी होतो. त्यानं माझ्यासमोर मावशींच्या नंबरवर पैसे पाठवले. त्याच्या मोबाइलवर हिरवी खूण आली, खाली रक्कम, वर मावशींचं नाव. मी मावशींना फोन लावला, तर लाइन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. (त्या एका सोफ्याच्या गिऱ्हाइकाशी त्याच्या कुत्र्याबद्दल बोलत होत्या, हे नंतर कळलं.) "ॲक्च्युअली काका, नेटवर्क स्लो आहे, पाच मिनिटांत मेसेज येईल त्यांना," तो म्हणाला. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी टेबल द्यायला हो म्हटलं, इतकंच नाही तर जिन्याच्या वळणावर एका बाजूनं हातही लावला. मेसेज आला नाही. पैसे आले नाहीत. ते चित्र खोटं होतं आणि त्याचा फोन बंद. बँकेत रोज चार ग्राहकांना 'खात्यात जमा झाल्याशिवाय माल देऊ नका' असं सांगणारा मी, मावशी येईपर्यंत त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसलो.

मावशी आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. मी तेव्हाच ऑनलाइन तक्रार नोंदवली, तेव्हा शेजारी बसून तपशील सांगितले. मग म्हणाल्या, "त्यात तुमचं काही चुकलं नाही. मीच चुकले. मुलीचं सांगायच्या आधी त्यानं नाकातून श्वास घेतला होता. तो मी ऐकला होता. पण म्हटलं, असेल सर्दी." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मला बायकोकडून कळलं.

पुढचे पंधरा दिवस मावशींना नवा नाद लागला. त्या अ‍ॅपवर लोकांच्या जाहिराती वाचत बसायच्या आणि त्यातल्या चुका मला फोन करून सांगायच्या. एके दिवशी दुपारी बँकेत फोन आला: "संध्याकाळी या. आपलं टेबल सापडलं." मी गेलो. जाहिरात होती, 'फोल्डिंग डायनिंग टेबल, अस्सल सागवान, एकदम नवीन.' फोटोतल्या टेबलाच्या कोपऱ्यावर फुलदाणी ठेवली होती, नेमकी शाईच्या डागावर. पण डाग फुलदाणीपेक्षा मोठा होता. मावशींनी माझ्या फोनवरून तो नंबर लावला, नाव-स्पेलिंग काही विचारलं नाही, सहा मिनिटं टेबलाच्या लांबी-रुंदीबद्दल बोलल्या, बघायला यायचा पत्ता घेतला, आणि मग फोनच्या तळाशी हात धरून मला हळूच म्हणाल्या, "तोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही परळच्या एका गल्लीत गेलो. जुन्या फर्निचरचं गोदाम. माणूस पस्तिशीचा, नीटनेटका, दाराशी उभा. त्यानं मला ओळखलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण मावशींनी त्याला बोलायला वेळच दिला नाही.

"टेबल उलटं करा."

"कशाला?"

"गिऱ्हाईक आहे मी. खालून बघणार."

"हे बघा, हे आम्ही बाहेरून विकत घेतलंय, तुमचा काही गैरसमज..."

"खाली नावं आहेत. मी सांगते, तुम्ही वाचा." मावशी टेबलापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. "डागाच्या बाजूनं सुरुवात करा. मंदा. मग सुहास. मग रत्ना. कोपऱ्यावर विजू, त्याच्यापुढे कंसात डावखुरा."

गोदामातल्या दोन हमालांना मजा वाटली. त्यांनी मालकाची वाट न बघता टेबल आडवं केलं, आणि त्यातला एक खाली बसून मोठ्यानं वाचायला लागला. मंदा. सुहास. रत्ना. विजू, कंसात डावखुरा.

"ॲक्च्युअली मावशी..." तो म्हणाला.

"श्वास घेतलात," मावशी म्हणाल्या. "आता पुढचं बोलू नका."

त्यानं हमालांना टेबल टेम्पोत चढवायला सांगितलं. टेम्पो त्याचाच होता. मला चारचौघांत त्याला दोन शब्द सुनवायचे होते, मी पुढंही झालो, पण मावशी त्याच्याशी अगदी बोर्डावरच्या आवाजात बोलत होत्या.

"मुलगी खरी की तीही खोटी?"

"आहे," तो खाली बघत म्हणाला. यावेळी आधी श्वास घेतल्याचं मलाही ऐकू आलं नाही. "पण सहावीत आहे."

"दहावीत गेली की फोन करा. नंबर आहे तुमच्याकडे."

असल्या माणसाला एवढं सांगून सोडून द्यायचं हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. तक्रार मी मागे घेतली नाही. मावशींनीही कधी घ्यायला सांगितलं नाही.

टेबल परत आलं, पण करी रोडच्या जागेत त्याला भिंत नव्हतीच. शेवटी त्याच भागातल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेत ते दिलं. द्यायला मावशी स्वतः गेल्या, ते उघडताना आणि मिटताना बिजागरीत बोट सापडू नये म्हणून कसं धरायचं हे तिथल्या मुलांना दोनदा करून दाखवलं, आणि मागं न बघता टॅक्सीशिवाय, चालत घरी आल्या.

आता त्या तेविसाव्या मजल्यावर राहतात. जागा स्वच्छ आहे, वारा भरपूर आहे, शेजारच्या फ्लॅटचं दार दिवसभर बंद असतं. कोण आलंय ते खालून वॉचमन इंटरकॉमवर सांगतो आणि दोन शब्दांत संपवतो. जाहिराती संपल्या तसे फोनही संपले. परवा दुपारी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "त्या अ‍ॅपवर आपलं विकायचं काही राहिलंय का हो?"

"नाही मावशी. सगळं गेलं."

"हं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे काही असेल तर टाका. नंबर माझा द्या."

आमच्या हॉलमध्ये एक टीपॉय आहे. चांगला आहे, रोज वापरात आहे, विकायचं काही कारण नाही. मी त्याच संध्याकाळी त्याचा फोटो काढला, खाली 'एक पाय किंचित हलतो' असं खरं तेच लिहिलं, आणि मावशींचा नंबर टाकला. रोज दोन-तीन फोन येतात म्हणे. किंमत मी जरा जास्तच लावली आहे.