भाऊंची बोट आणि वहिनींचा हौद

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. चार माणसं रोज संध्याकाळी एका जागी बसली, की हौदात गाळ साचावा तसे ते आपोआप साचतात. आमच्याकडे तर हौदच होता! मुरुडला भाऊंच्या वाडीतला, नारळी-पोफळींना पाणी सोडायचा. भाऊ डॉकयार्डातले रिटायर्ड फिटर, याकूबभाई होड्यांच्या इंजिनांचे मेकॅनिक, आणि मी चार खोल्यांचा लॉजवाला. चौथ्या वहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस. त्या फक्त ओरडायला यायच्या.

या हौदात आम्ही पहिल्या महायुद्धातली जर्मन सबमरीन बुडवायला बघत होतो. म्हणजे तिचं मॉडेल, हातभर लांबीचं, रिमोटवर चालणारं. भाऊ म्हणायचे, "जन्मभर सबमरीनी दुरुस्त केल्या, पण पाण्याखाली एकदाबी गेलो न्हाय." दिवाळीनंतर मुलगा दोघांना नवी मुंबईला न्यायला येणार होता. त्याच्या आत बोट एकदा तरी बुडून, सुरुंग टाकून, आपली आपण वर यायला हवी होती.

"फ्लॅटवर घेऊन जा की," मी म्हटलं.

"अकराव्या मजल्यावर कुठं बुडवू? बेसिनमध्ये?"

*

बोटीचं डिझाइन भाऊंनी वहिनींना समजावलं, तो दिवस मला आठवतो. ही सुरुंग पेरणारी जात. नाकाडात सहा तिरक्या नळ्या, एकेका नळीत दोन सुरुंग. सुरुवातीच्या छोट्या बोटींना टॉर्पेडोसुद्धा नव्हता. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी जायचं, नळ्यांतून सुरुंग खाली सोडायचे आणि गुपचूप परत फिरायचं.

वहिनी तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे पसारा टाकायचा नि निघून जायचं. त्याला जर्मनी कशाला पायजे? घरात हाय की एक!"

*

खऱ्या बोटी म्हणे तुकड्या-तुकड्यांनी रेल्वेने बेल्जियमला नेल्या आणि तिथे जोडल्या. मग आपलीही तशीच यायला हवी, असा भाऊंचा हट्ट. पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे अलिबागला लेथवर करून घेतले आणि एसटीत चढवले. काशीद येईपर्यंत गाडी पर्यटकांनी गच्च भरली, आणि बोटीचं नाकाड एका बाईंच्या खांद्यावर!

कंडक्टर आला. "काय हाय हे?"

"सबमरीन," भाऊ म्हणाले.

कंडक्टरने दोन्ही तुकड्यांकडे नीट बघितलं. "मग समुद्रातून न्यायची ना! सरळ रस्ता हाय."

*

खरी कसरत होती ती सुरुंगांची. सुरुंग आपल्या वजनासकट तळाला बसतो. त्याला विरघळणारं बूच असतं. ते विरघळलं की गोळा वजनापासून सुटतो आणि तारेवर वर येऊन पाण्यात तरंगत उभा राहतो. तेवढ्या वेळात बोटीने लांब पळायचं.

बुचासाठी आधी बत्तासा लावला. तो पाण्याला टेकायच्या आतच गायब. मग खडीसाखर लावली. झक्कास जमलं! सगळे सुरुंग भरून ठेवले आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर मुंग्यांची रांग बोटीत शिरलेली, आणि बुचं फस्त.

याकूबभाई बराच वेळ त्या रांगेकडे बघत होते. "भाऊ, जर्मनीत मुंग्या न्हाईत काय?"

शेवटी पेणकडचं जाडं मीठ आणलं. ते रोज तव्यावर भाजून कोरडं करायचं. तवा अर्थातच वहिनींचा, आणि ओरडणंही त्यांचंच.

*

एकदा माझ्या लॉजमधून मी याकूबभाईंना फोनवर सांगितलं, "सुरुंग भरलेत, उद्या सकाळी टाकू." शेजारच्या खोलीतल्या गेस्टने ऐकलं आणि पोलिसांना कळवलं. हवालदार थेट हौदावर हजर!

भाऊंनी त्यांना मॉडेल दाखवलं, सुरुंग दाखवले. हवालदारांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि तासभर बघत बसले. बोट काही बुडेना. जाताना म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"लिहा, प्रयत्न चालू हायेत," वहिनी आतून म्हणाल्या.

*

एका संध्याकाळी भाऊंनी सांगितलं की यातल्या काही बोटी आपल्याच सुरुंगांनी गेल्या. बूच वेळेआधी विरघळलं, सुरुंग बोटीखालीच सुटला. याकूबभाई म्हणाले, "पोरं असतील हो आत. वीस-बावीसची." आम्हाला तिघांनाही वाईट वाटलं. जर्मन असले म्हणून काय झालं!

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी ओरडल्या नाहीत. "कुणीच वर आलं न्हाय?" एवढंच विचारलं.

"एका बोटीतलं तर कुणीच न्हाय," भाऊ म्हणाले.

*

मग निघायचा दिवस आला. मुलाची गाडी फाटकाशी उभी, बॅगा डिकीत, खिडक्या बंद. भाऊ म्हणाले, "शेवटचं एकदा बघू." याकूबभाईंनी रिमोट हातात घेतला.

आणि बोट बुडाली! इतकी सुरेख, की आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळे सुरुंग ओळीने खाली गेले. पण खाऱ्या हवेत मीठ रात्रभर पाझरलं असावं. बोट वळायच्या आतच एक गोळा सुटला आणि त्याचा दोरा बोटीच्या पंख्यात गुंतला. बोट तळाला जाऊन बसली. याकूबभाई बटणं दाबत राहिले, पण ती हलेना.

भाऊ कठड्याशी आले. नुसते पाण्याकडे बघत उभे राहिले. मला ते बघवेना. फाटकाशी हॉर्न वाजला. बोट निदान बाहेर तरी काढू म्हणून मी नारळ पाडायची आकडी पाण्यात घातली.

वहिनींनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मग गाडीकडे गेल्या, डिकी उघडून स्वतःची बॅग खाली घेतली आणि मुलाला म्हणाल्या, "तू हो पुढं. ह्यांची बोट अजून वर आली न्हाय."