आठ दिवस विचारायचं नाही

कतारला येण्याआधी मी नाशिकला एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर चार वर्षं काढली. तिथे मला एक खोड लागली, ती अजून सुटलेली नाही. कुणाचंही काही बिघडलं की मी त्याचा आलेख काढते. पावसाळ्यात गाड्यांचे क्लेम वाढतात, दिवाळीत भाजण्याचे, लग्नसराईत चोरीचे, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकत होते. अल खोरला निघताना नवऱ्याने बजावलं होतं, ही खोड विमानतळावरच सोडून चल. मी सोडली नाही.

अल खोरला आमच्या इमारतीत आणि आजूबाजूला मिळून नऊ मराठी घरं होती. बहुतेकांचे नवरे रास लफानच्या गॅस प्रकल्पांत कामाला, सकाळी कंपनीच्या बसने जाणारे. नोकरी गेली तर सांभाळून घेईल असा विमा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. नोकरी गेली की घर, मुलांची शाळा, राहण्याचा परवाना, सगळ्यांचीच मुदत एकदम सुरू व्हायची. म्हणून आम्ही बायकांनी आमचा स्वतःचा विमा काढला होता. ज्या घरातली नोकरी जाईल, त्या घरी संध्याकाळचा डबा बाकीच्या घरांतून पाळीपाळीने जायचा, नवी नोकरी लागेपर्यंत किंवा विमानात बसेपर्यंत. याला आम्ही राजरोस क्लेम म्हणायचो. पाळ्या लावायचं काम खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या वहिनींकडे होतं आणि आलेख माझ्याकडे, फ्रिजवर चिकटवलेला.

आलेख मोठा बोलका होता. दुरुस्तीसाठी प्रकल्प बंद ठेवतात ते एखादं मोठं शटडाउन संपलं की ठिपके वर चढायचे. रमजानमध्ये कुणी कसले निर्णय घेत नाही, तेव्हा रेघ आडवी झोपायची आणि ईद झाली की उठून बसायची. मी तर अंदाजही वर्तवायचे. त्यासाठी माझं एक खास लक्षण होतं: चहाचा मग. माणूस ऑफिसातून आधी तो घरी आणतो, नंतर टेबलावरचं झाड, नंतर मराठी कॅलेंडर. चहाचा मग घरी आला की पंधरा दिवसांत क्लेम आलाच म्हणून समजा. नवरा म्हणायचा, "तू माणसं बघतेस की कपबशा?"

या विम्याला एकच अट होती. पहिले आठ दिवस त्या घरात कुणी काही विचारायचं नाही. कधी कळलं, कसं कळलं, आता काय, काही नाही. डबा द्यायचा, हवापाण्याचं बोलायचं आणि यायचं. ही अट का, तर सगळ्यात पहिल्या क्लेमच्या वेळी आम्ही त्या माणसाला इतकं विचारलं, इतकं विचारलं, की दारावरची बेल वाजली की तो बाथरूममध्ये जाऊन बसायला लागला. नववा दिवस उजाडला की मात्र खुशाल विचारा.

तर एका रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, माझा नवरा कामावरून आला, तो हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन. खोक्यात मग होता, मनी प्लांट होता आणि कॅलेंडर होतं. तिन्ही एकदम! मुलगी दहावीला होती, बोर्डाची परीक्षा तोंडावर. आता मध्येच गाशा गुंडाळायचा म्हणजे तिचं काय, या एकाच विचाराने मला घाम फुटला. खोका त्याने बाल्कनीत ठेवला आणि म्हणाला, "चहा टाक."

विचारायला तोंड उघडलं होतं. पण अट आठवली. अट म्हणजे अट, ती काय फक्त शेजाऱ्यांसाठी असते? मी चहा टाकला, आलं जरा जास्तच किसलं आणि खाली जाऊन वहिनींच्या कानात सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "काळजी करू नगं. उद्यापास्नं डबा येतोय. पयला माझाच."

सोमवारी वहिनींचा डबा आला. कडक भाकरी, शेंगा चटणी, भरलं वांगं. मंगळवारी कुणाची मटकीची उसळ, बुधवारी कोकणातल्या एका घरून सोलकढी. दारात येणारी प्रत्येक बाई नवऱ्याकडे अपार मायेने बघायची आणि म्हणायची, "आज हवा बरी आहे, नाही?" बाहेर धूळ उडत असायची. नवरा म्हणायचा, "हो, बरी आहे." आणि दार लागलं की गप्प जेवायचा. भाकरीचे तुकडे नुसते ताटात फिरवत बसायचा. बिचारा, मी मनात म्हणायचे, किती सोसतोय. रोज कामावर जात होता. नोटीसचे दिवस भरत असणार, असा मी हिशेब लावला होता. मी त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायचे.

शुक्रवारी तो सकाळीच म्हणाला, "मी जरा समैस्माच्या किनाऱ्यावर जाऊन येतो." एकटाच गेला. दोन तासांनी आला तेव्हा बुटांना वाळू होती आणि शर्टाची वरची बटणं घट्ट लावलेली. समुद्राकडे बघत बसला असणार, या कल्पनेनेच मला रडू फुटलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "आज हवा बरी आहे."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. मुलीला आमच्या अटीबिटीशी काही देणंघेणं नव्हतं. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत. तिने पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "बाबा, आर यू फायर्ड?"

मी तिच्यावर डोळे वटारले. नवऱ्याने घास खाली ठेवला आणि अगदी बारीक आवाजात मलाच विचारलं, "म्हणजे... खरंच झालोय का मी?"

"मला काय विचारतोस? तुलाच माहीत ना!"

"मला कुठे माहीत? डबे येतायत म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, मीच तेवढा शेवटचा. आणि आठ दिवस विचारायचं नाही म्हणून मी गप्प बसलोय."

"मग तो खोका?"

"अगं, आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर हलवतायत! टेबलं रिकामी करा म्हणाले."

मग मी जी हसत सुटले, ती खुर्चीवरून घसरेपर्यंत. नवरा हसताना टेबलावर मुठी आपटत होता, आमटी सांडत होती, मुलगी "यू बोथ आर इम्पॉसिबल" म्हणत होती आणि तीही हसत होती. थोडा श्वास आला तेव्हा नवरा म्हणाला, "थांब, अजून आहे. मी घाबरून सहा ठिकाणी अर्ज टाकले. काल समैस्माला गाडीत बसून, टाय लावून मोबाइलवर मुलाखत दिली. घरात तुला कळू नये म्हणून. उद्या परत बोलणार आहेत." आम्ही पुन्हा हसलो. आठवडाभर उरावर बसलेली भीती एकदम उठून गेली होती आणि मला इमारतभर नाचावंसं वाटत होतं.

मी तशीच, खरकट्या हाताने, खाली पळाले. "वहिनी, क्लेम खोटा! क्लेम खोटा निघाला!" दारातच सगळी कथा सांगितली, समैस्माच्या टायसकट. वहिनी पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, मला ओढत आत घेऊन गेल्या, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी हावभाव करून सांगत होते. सांगता सांगता माझी नजर सोफ्याच्या मागे गेली.

तिथे पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात वहिनींच्या नवऱ्याचा, भाऊजींचा, मग होता, त्यांच्या मुलाने पुण्याहून पाठवलेला. त्याखाली साइटच्या लॉकरमधले सेफ्टी शूज. नवऱ्याच्या खोक्यात शूज नव्हते. मजला बदलताना माणूस साइटचे शूज घरी आणत नाही. चार वर्षं क्लेमच्या टेबलावर बसलेल्या बाईला एवढंही सुचलं नव्हतं.

वहिनी अजून हसत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. खोक्यावर धूळ बसली होती, म्हणजे दोन-चार दिवसांचा तरी असणार. पाळ्या लावणाऱ्या त्याच. त्यांनी आपलं नाव यादीत घातलंच नव्हतं, कारण यादीत आमचं नाव होतं आणि आमच्या घरात दहावी होती. गुरुवारी एका घराला जमेना म्हणून ती पाळीही त्यांनीच घेतली होती, आणि कडक भाकरी पुन्हा आली होती. माझी मला इतकी लाज वाटली की हातावरचं खरकटं वाळलं तरी मी तशीच उभी होते.

विचारलं मात्र नाही. "येते हं वहिनी," म्हटलं आणि वर आले.

त्या संध्याकाळी मी डबा केला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. वहिनींनी दार उघडलं, डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आज हवा बरी आहे."

"हाय की," त्या म्हणाल्या आणि डबा घेतला.

सोफ्यामागच्या खोक्याचं मी नवऱ्याला रात्रीच सांगितलं होतं; दुसऱ्या दिवशी त्याला त्या मुलाखतवाल्यांचा फोन आला. तो म्हणाला, माझं आहे तिथेच बरं चाललंय, पण याच कामातला माझ्यापेक्षा मुरलेला एक माणूस आहे, त्याचा नंबर देतो. मग खाली जाऊन भाऊजींना आपला टाय देऊन आला. त्यानेही काही विचारलं नाही. भाऊजींनी तो टाय लावून समैस्मालाच गाडी नेली. तिथे नेटवर्क चांगलं येतं, असं नवऱ्याने सांगून ठेवलं होतं. पाळ्या आता मी लावत होते आणि डबे रोज खाली जात होते. नववा दिवस उलटला, पंधरावा उलटला, तरी कुणी विचारेना. इतक्या सवयीची झाली होती आम्हाला ती अट.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. वाजली म्हणजे वाजतच राहिली. दार उघडलं तर वहिनी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात चपला नाहीत, दोन जिने पळत चढल्याने धाप लागलेली, आणि चेहरा असा फुललेला की मला काय ते कळलंच. मी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"आधी इचार," त्या म्हणाल्या. "इतके दिस न्हाई इचारलंस. आता इचार मला."

मी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "वहिनी, भाऊजींची नोकरी गेली होती का?"

"गेली हुती गं!" त्या म्हणाल्या आणि मला मिठी मारून जिन्यातच हसायला लागल्या.