चष्मेवाल्याची दुसरी कॉफी

बायकोने सकाळी त्याच्या हातची कॉफी पिऊन "छान" म्हणावं आणि चष्मेवाल्याने खूश होऊन दुकान गाठावं, असं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण परवा बायको तिच्या बहिणीकडे गेली आणि तिथली कॉफी पिऊन चक्क "अहाहा" म्हणाली. मेव्हणीने ते फोनवर हसत हसत सांगितलं. झालं, गड्याला चैन पडेना. आता तेच "अहाहा" त्याला स्वतःच्या कपासाठी हवं होतं, आणि तेही मनापासूनचं.

सुट्टीच्या दिवशी त्याने बायकोला ओट्याशी बसवलं आणि पुढ्यात दोन कप ठेवले. "ही बरी की ती?" गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा बदलताना विचारतो, अगदी तस्सं.

"दुसरी," बायको म्हणाली.

त्याने पूड जरा जाड दळली. "दुसरी." पूड चमचाभर कमी घातली. "दुसरी." चाखून चाखून त्याला स्वतःला इतकी तरतरी चढली की नादात त्याने फ्रीज दोनदा पुसला.

मग मात्र त्याला शंका आली. भिडेखातर काहीही सांगणारी गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती. अशांना तो गुपचूप तीच काच पुन्हा लावतो. त्याने एकाच भांड्यातली कॉफी दोन्ही कपांत ओतली.

"दुसरी."

"अगं, दोन्ही एकच आहेत."

बायको आधी गोरीमोरी झाली, मग हसत सुटली. "अहो, तुमची कॉफी कडूजहर असते. लग्न झाल्यापासून."

"मग पितेस कशाला?"

"माझा कप संपेपर्यंत तुम्ही समोर बसता. संपला की पायात चपला सरकवून पसार."

इतका अपमान आणि इतका आनंद त्याला एकदम कधी झाला नव्हता. ओटा धरून तो खो खो हसला. "बरं, कडू म्हणजे कशी?"

"जळकी."

पूड घातल्यावरही तो कॉफी रटरटा उकळत ठेवायचा, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आधी गॅस बंद केला, मग पूड घातली, थोड्या वेळाने गाळली. बायकोने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"अहाहा."

बघता बघता कप रिकामा झाला. तिने तळाशी पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "संपली की हो."

चष्मेवाल्याने सवयीने पायात सरकवलेल्या चपला काढल्या आणि पुन्हा पाणी ठेवलं. त्या दिवशी दुकान चांगलंच उशिरा उघडलं.