येसराच्या आमटीतलं मीठ

युसूफ वडगाव या आमच्या गावात आमचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. तीस वर्षं मी धने, जिरे, दालचिनी तोलतोय आणि तोलता तोलता गिऱ्हाइकाला फुकटचा सल्लाही देतोय. कुणाचं पोट फुगलं की ओव्याची पुडी बांधायची. कुणाचं बीपी वाढलं की सकाळी अनशापोटी लसूण चावायला सांगायचं. स्वतःचं बीपी मात्र मी कधी मोजलं नव्हतं.

ते निघालं भलत्याच निमित्तानं. बायकोचा गुडघा दुखत होता म्हणून तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलतो. नंबर यायला वेळ होता. नर्सबाई म्हणाल्या, "मामा, रिकामेच बसलात तर हात पुढं करा." मी हसत हात पुढं केला. त्यांनी एका हाताला मोजलं, दुसऱ्या हाताला मोजलं आणि बायकोला सोडून मलाच आधी डॉक्टरांपुढं बसवलं. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे चार.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "रोज एक गोळी, चुकवायची नाही. आणि मीठ कमी करा."

"लसूण चालंल का?" मी विचारलं.

"जेवणात खा की. थोडाफार फायदा होतो म्हणतात. पण गोळीच्या जागी लसूण नाही."

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. लोकांना लसूण सांगणाऱ्यानं स्वतः गोळ्या खायच्या? पंधरा दिवस गोळी घेतली आणि गुपचूप बंद केली. सकाळी चार पाकळ्या कच्चा लसूण, त्यावर दालचिनीचं पाणी, दुपारी भिजवलेल्या धन्यांचं पाणी. मला एकदम तरतरीत वाटायला लागलं. गिऱ्हाईक मात्र काउंटरपासून एक पाऊल मागं सरकून बोलायचं. माझा एक जुना दोस्त तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय बे, फोडणीत पडलास का?"

बायकोनं गोळ्यांचं पाकीट बघितलं. पहिल्या पंधरा दिवसांनंतर एकही गोळी कमी झालेली नव्हती. ती चप्पल घालून दारात उभी राहिली. परत दवाखाना. बीपी जवळजवळ होतं तिथंच.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "मीठ किती खाता?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "बेताचं."

"कशाचं बेताचं!" बायको म्हणाली. "लोणचं हाय, पापड हाय, ताटात वरून मीठ हाय. अन् दुकानात बसल्या बसल्या खारे शेंगदाणे चालूच हायेत."

"मामा, एवढे मसाले घरात असताना चव मिठातच कशाला शोधता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मसालेवाल्याला असा प्रश्न! मी तो हसण्यावारी नेला. बायकोनं मात्र तो पक्का लक्षात ठेवला.

त्या दिवसापासून गोळी सुरू झाली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची, मी गिळेपर्यंत हलायची नाही. पण मिठाचं मी बजावून सांगितलं, "आळणी जेवण मला जमणार न्हाई. माझी जीभ मसालेवाल्याची हाय. चिमूटभर इकडंतिकडं झालं तरी कळतं."

"बरं," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी दिंद्रुडला माझ्या अक्काच्या नातीचं लग्न होतं. पंगत बसली. पहिलाच वरणभाताचा घास घेतला आणि मी ओरडलो, "आचाऱ्यानं मिठाचं पोतं वतलं का काय?" भाजी चाखली, तीही खारट. आचारी पळी हातात घेऊनच धावत आला. दाजींनी चाखलं, अक्कानं चाखलं. "बरोबर तर हाय रे," अक्का म्हणाली. सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली.

समोरच्या रांगेत बायको तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता डोळ्यांतनं पाणी.

"अगं, हसतीस कावून?"

"दोन महिन्यांत सैपाकातलं मीठ निम्म्यावर आणलंय मी. तुमी परवा येसराची आमटी दोनदा मागून घेतलीत की!"

तिनं रोज थोडं थोडं मीठ काढलं होतं. आमटीला लावायचा भाजल्या धान्या-डाळींचा येसर नव्यानं दळला, त्यात मीठ घातलंच नाही. फोडणीत लसूण वाढवला, धने-जिरे ऐन वेळी भाजून कुटले, धपाट्यात ओवा, आमटीवर लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. लोणचं संपलं असं मला सांगून बरणी शेजारी पोचवली. दुकानातले शेंगदाणेसुद्धा तिनंच बदलून कमी मिठाचे ठेवले होते आणि माझ्या जिभेला पत्ता नव्हता.

"म्हंजे माझी चूक न्हाई ना?" आचाऱ्यानं विचारलं. मी भर पंगतीत त्याला हात जोडले. दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या वेळी बीपी एकशे अडतीसवर आलं. मी विचारलं, "बाई, कशानं उतरलं?"

"गोळीनं आणि मीठ कमी केल्यानं. लसणाचा त्यात किती वाटा, ते मला सांगता येणार नाही. पण जेवणाची चव गेली नाही, हे काम मसाल्यांनीच केलं. गोळी मात्र सोडायची नाही."

आता दुकानात कुणी बीपीवर लसूण मागितला, तर मी आधी विचारतो, "मोजलं का? गोळी घेता का?" मग तोलतो. बाया तर मला विचारतच नाहीत. बायकोला हाक मारतात आणि येसराचं प्रमाण तिच्याकडूनच घेतात.

परवा अक्काचा फोन आला. दाजींचंही बीपी वाढलंय. तिनं एका दिवसात सगळं मीठ बंद केलं, तर दाजी ताट सारून भावाच्या घरी जेवायला गेले. बायको म्हणाली, "अक्का, तसं न्हाई करायचं. रोज चिमूटभर काढायचं. अन् कळू द्यायचं न्हाई."

दाजींना यातलं काही सांगायचं नाही, अशी दोघींनी मला तंबी दिली आहे.